शिगवण सरांच्या गाडीतली नोंद

टेम्पोतून खाली उतरवताना गाडीचं पुढचं चाक मडगार्डला घासत होतं. तो आवाज ऐकवत नव्हता. सात आठवडे ती पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. सीटवर धुळीचा थर होता आणि त्यावर मांजराच्या पावलांचे ठसे. हँडलला पोलिसांनी बांधलेली चिठ्ठी अजून तशीच लोंबत होती.

गाडीच्या मागून एक गृहस्थ चालत आत आले. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. डोक्यावर केस नुकते उगवत होते आणि त्यांतून टाक्यांची रेघ कानामागे उतरली होती. वर्कशॉपमध्ये मी एकटीच होते.

"यात नोंद असते म्हणे," ते म्हणाले.

"कसली नोंद?"

"गाडी किती वेगात होती, ब्रेक कधी दाबला. माझा एक विद्यार्थी इंजिनीअर झालाय, तो म्हणाला. इलेक्ट्रिक मोटरसायकल सगळं लिहून ठेवते."

ते खरं होतं. सीटखाली एक डबी असते. गाडी चालू असेपर्यंत ती दर सेकंदाला वेग, बॅटरीचं तापमान, ॲक्सिलरेटरची मूठ किती पिळली, ब्रेक लागला की नाही, असं सगळं नोंदवत राहते. आमच्याकडे एक केबल आणि कंपनीचं सॉफ्टवेअर घातलेला एक लॅपटॉप होता. चिपळूणच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो वापरता येणारी मी एकटीच. आयटीआय करून लागले होते, दोन वर्षं झाली होती.

मी काही बोलायच्या आत ऑफिसातून चाळके साहेब बाहेर आले. विलास चाळके आमचे सर्व्हिस मॅनेजर. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग त्या गृहस्थांना, आणि एकदम आवाज मऊ केला.

"या सर. वाईट झालं फार. पण त्या नोंदी आम्हाला उघडता येत नाहीत. ती कंपनीची मालमत्ता. तुम्ही कंपनीला मेल करा."

"केला होता. उत्तर आलं, गाडीत दोष नव्हता, चालवणाऱ्याची चूक असावी. गाडी बघायलाही कोणी आलं नव्हतं हो तोवर."

"मग झालं तर."

"गाडी माझी, अपघात माझा, बायको माझी गेली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता बोलावं तसं बोलत होते. "आणि नोंद तेवढी कंपनीची?"

चाळके साहेबांनी मान खाली घातली, पण नाही ते नाहीच म्हणाले. गाडी ठेवून घ्यायलाही ते तयार नव्हते. टेम्पोवाल्याला परत बोलावलं आणि गाडी पुन्हा चढवली. मी मागून फळी धरली होती तेव्हा ते गृहस्थ मला हळूच म्हणाले, "मी यशवंत शिगवण. पेढे गावात राहतो. चित्रकला शिकवतो."

एवढंच. ये म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मी चाळके साहेबांना विचारलं, नोंदी काढून दिल्या तर काय बिघडेल?

"रेश्मा, तू त्यात पडू नकोस," ते म्हणाले. "दोनच वर्षं झालीत तुझ्या नोकरीला." मग जाता जाता, "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

ते वाक्य मी तेव्हा नेहमीची धमकी समजले.

रविवारी सुट्टी होती. लॅपटॉप माझ्याकडेच असायचा, कारण गावोगावी जाऊन गाड्या तपासायचं कामही माझंच होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मी पेढ्याला गेले. शिगवण सर ओटीवर बसून पेन्सिलींना टोक काढत होते. समोर पन्नासेक पेन्सिली ओळीने मांडलेल्या. मला पाहून ते उठले आणि काहीच न विचारता मागच्या पडवीकडे चालू लागले. गाडी तिथे होती.

मी सीट काढली, डबीचं सॉकेट शोधलं. मोठी बॅटरी पोलिसांनी वेगळी काढून ठेवली होती, पण डबी जागी करायला बारा व्होल्ट पुरतात. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी सरांच्या घरात होती, तिच्यावर काम भागणार होतं. मी वायर जोडत असताना सर मला एकेक करून सांगत गेले.

डिसेंबरचा पहिला रविवार. सासुरवाडीहून, मार्गताम्हान्याहून, दोघं परत येत होते. दुपारची वेळ. प्रमिलाबाई मागे बसलेल्या, मांडीवर नारळांची पिशवी. निघताना मेहुण्याने दिलेलं सरबत सरांना आठवत होतं. फाटकाशी गाडी वळवलेली आठवत होती. त्यानंतर थेट इस्पितळाचं छत.

"मधलं काही नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, ते आता येणारही नाही. चढावर एका ट्रॅक्टरला मी ओलांडत होतो म्हणे. समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याचा जबाब आहे, हा माणूस भरधाव होता. पोलिसांनी माझ्यावर गुन्हा नोंदवलाय. त्याचं मला काही नाही, होईल ती शिक्षा भोगेन. पण मृणाल, माझी मुलगी, एकोणीस वर्षांची आहे. बारावा झाला तेव्हा तिने मला विचारलं, बाबा, किती वेगात होतात? मी म्हटलं, आठवत नाही. तिला वाटलं मी लपवतोय. ती त्या दिवसापासून मामाकडे आहे."

"सर, नोंदीत काय निघेल ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "वेग जास्तही निघू शकतो."

"मग तसं सांग. तिला मी आकडा सांगेन. निदान आकडा तरी असेल माझ्याजवळ."

डबीवरचा हिरवा ठिपका लुकलुकला. लॅपटॉपवर ओळी भराभर उतरू लागल्या. तारीख, वेळ आणि आकड्यांचे रकाने. मी सरळ शेवटाकडे गेले. सर माझ्या शेजारी उकिडवे बसले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"हा वेग," मी बोट ठेवलं. "एक्केचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस?"

"हो. इथे तुम्ही ट्रॅक्टर ओलांडायला बाहेर आलात. मूठ जास्त पिळलीत. आणि ही पुढची ओळ."

ती ओळ मी स्वतःही दोनदा वाचली. मूठ पूर्ण पिळलेली होती. मोटरला जाणारा करंट शून्य. पुढच्या सेकंदाला वेग एकोणचाळीस. मग तेहेतीस. सत्तावीस. मूठ तशीच पूर्ण पिळलेली. वीस. मग ब्रेक. मग ओळी संपल्या होत्या.

"सर, गाडी बंद पडली," मी म्हणाले. "चढावर, ट्रॅक्टरच्या बाजूला असतानाच. बॅटरीतला एखादा सेल कमजोर असला तर जोर पडल्यावर बॅटरी करंट तोडून टाकते. तुम्ही मूठ पिळत राहिलात, गाडीला ताकदच नव्हती. तुम्ही भरधाव नव्हता. तुम्ही जवळजवळ थांबला होतात."

ते त्या आकड्यांकडे वाकले. मग बोट पुढे करून एकेक ओळ स्वतः वाचली, ओठ हलवत. चव्वेचाळीस. एकोणचाळीस. तेहेतीस. वीसपाशी आल्यावर त्यांनी हात मागे घेतला आणि पडवीच्या खांबाला टेकून बसले. ते रडत होते, पण आवाज नव्हता. मी आत जाऊन पाणी आणलं. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं, डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या, सुंदर अक्षरांत.

पाणी देऊन मी परत लॅपटॉपकडे वळले. त्या सेकंदाला बॅटरीने कोणता एरर कोड दिला होता, तेवढं लिहून घेतलं की काम पुरं. तो कोड मी शोधायला टाकला. एकच नोंद निघेल अशी माझी अपेक्षा होती. सतरा निघाल्या. अपघाताआधीच्या चार आठवड्यांत गाडीने सोळा वेळा सांगितलं होतं, सेल कमजोर आहे. आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं होतं, इशारा बंद.

मी मागे मागे गेले. नऊ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. सेटिंग बदललं. इशारा बंद, वेगमर्यादा बंद. बदलणाऱ्याच्या रकान्यात माझं लॉगिन होतं.

त्या क्षणापर्यंत मला ती गाडी आठवली नव्हती. खरंच नव्हती. त्या दिवसांत आठवड्याला तीस गाड्या हाताखालून जायच्या. बॅटरीची एक खेप कमजोर निघाली होती. सेल खाली गेला की डॅशवर लाल दिवा लुकलुकायचा आणि गाडी आपोआप पंचवीसच्या पुढे जायची नाही. लोक वैतागून परत आणायचे. बदली बॅटऱ्या कंपनी पाठवत नव्हती. चाळके साहेब म्हणाले होते, नवीन माल येईपर्यंत इशारा बंद करून दे, लोक उगाच घाबरतात. मी एकदा म्हटलं होतं, साहेब, तो दिवा उगाच नसतो. ते म्हणाले, तुला कंपनीपेक्षा जास्त कळतं का? मला वाटलं, असेल त्यांना माहीत. दोन मिनिटांचं काम होतं. मी चौदा गाड्यांचं केलं.

गाडी पंचवीसच्या वर गेलीच नसती तर शिगवण सर त्या ट्रॅक्टरला ओलांडायला बाहेरच आले नसते. मागून रेंगाळत, वैतागत घरी पोचले असते.

मी लॅपटॉप मिटला.

हे मी आजही कोणाला सांगताना अडखळते. मी लॅपटॉप मिटला, केबल गुंडाळली आणि मनाशी ठरवलंसुद्धा. शेवटच्या दहा ओळी कागदावर छापून द्यायच्या. त्यांच्यावरचा गुन्हा रद्द होईल, मुलगी परत येईल. त्यांना जे हवं होतं ते त्यात सगळं होतं. बाकीचं कोण बघणार होतं? ते उघडता येणारी मी एकटीच होते.

सर उठले. चहा करतो म्हणाले. मी नको म्हटलं. ते मला सोडायला फाटकापर्यंत आले आणि तिथे थांबले.

"एक विचारू? बॅटरी अशी अचानक जाते का? आधी काही कळत नाही?"

मी स्कूटीची किल्ली शोधत राहिले.

"कारण मध्ये तो लाल दिवा लागायचा," ते म्हणाले. "तुमच्याकडे आणून दुरुस्त करून घेतला. पावतीवर दुरुस्त म्हणून लिहिलंय. पण तो परत लागला असणार, नाही का? त्या दिवशीही लागला असेल. आणि माझं लक्षच गेलं नसेल. प्रमिला नेहमी म्हणायची, तुम्ही रस्त्यापेक्षा झाडं जास्त बघता. खरं आहे ते. झाडं बघत असेन. दिवा लागला असेल आणि मी..."

त्यांच्या चेहऱ्यावरून मघाशी जे ओझं उतरलं होतं ते परत चढताना मी पाहिलं. पाच मिनिटंही त्यांना मोकळीक मिळाली नव्हती. आता उरलेलं आयुष्य ते त्या दिव्याकडे बघत काढणार होते.

"दिवा लागला नव्हता, सर," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"तो दुरुस्त केला नव्हता. बंद केला होता. मी केला होता."

फाटकाबाहेरून एक रिक्षा गेली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. नऊ नोव्हेंबर, चार वाजून बारा मिनिटं, बॅटऱ्यांची खेप, चाळके साहेब, सोळा वेळा. कुठेच थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. सर ऐकत होते. एकदा त्यांनी फाटकाचा गज धरला. मला वाटलं, आता हे मला मारतील. मारायला हवं होतं असंही वाटलं.

"तुला ठाऊक होतं असं होऊ शकतं?"

"थोडंसं होतं."

"थोडंसं," ते म्हणाले.

मग ते घरात गेले. मी तिथेच उभी. जावं की थांबावं कळेना. दहाएक मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चित्रकलेचा मोठा कागद आणि पेन होतं.

"लिहून दे. सगळं. तुझ्या अक्षरात."

ओटीवर बसून मी लिहिलं. मघाच्या पेन्सिली त्यांनी एका हाताने बाजूला सारल्या. कागद मोठा होता म्हणून अक्षरही मोठं येत होतं. एका ठिकाणी मी 'मयत व्यक्ती' असं लिहिलं, पोलिसांच्या कागदात असतं तसं. त्यांनी वाचता वाचता तिथे बोट ठेवलं.

"नाव लिही. पूर्ण नाव."

मी शब्द खोडला आणि वर लिहिलं, प्रमिला यशवंत शिगवण.

सही करून कागद दिला. नोंदींची प्रतही पेनड्राइव्हवर घालून दिली. त्यांनी घेतली. आभार मानले नाहीत, शिवीही दिली नाही.

"आता जा," एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी मी कामावर गेले ते उरलेल्या तेरा गाड्यांचे पत्ते काढायला. चाळके साहेब दुपारी येणार होते. तोवर नऊजणांना फोन झाले. गाडी चालवू नका, चढावर तर मुळीच नेऊ नका, मी येऊन इशारा परत चालू करून देते. कोणी शिव्या दिल्या, कोणी म्हणालं दिवा नकोच आहे आम्हाला. दहावा फोन चालू असताना साहेब आले. त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले.

"जॉबकार्ड मी त्याच दिवशी पाहिलं होतं," ते शेवटी म्हणाले. "गाडी टेम्पोतून आली त्याच दिवशी. त्यावर तुझं नाव होतं. म्हणून तुला सांगत होतो, पडू नकोस."

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. लॅपटॉप काढून घेतला. उरलेल्या चौघांकडे मी स्कूटीवरून स्वतः गेले, नुसतं तोंडी सांगायला. त्यांतला एकजण रोज कुंभार्ली घाटातून दूध घेऊन जात होता.

पुढची चार वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली. शिगवण सरांवरचा गुन्हा पहिल्या वर्षीच रद्द झाला. कंपनीने ती खेप परत मागवली. नोंदी त्यांच्या मालकीच्या असल्याचं त्यांचे वकील शेवटपर्यंत सांगत होते, पण तोवर त्या कोर्टाच्या कागदांत गेल्या होत्या. खटला मग चाळके साहेबांवर आणि माझ्यावर उभा राहिला. ते लढले. त्यांचा वकील मलाही म्हणाला, तू हुकमाची ताबेदार होतीस, सुटशील. माझ्या आईचंही तेच म्हणणं होतं. मी गुन्हा कबूल केला.

न्यायाधीशांनी मला दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावली. अशी शिक्षा असते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. सकाळचे साडेअकरा झाले होते. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. माझ्यासमोर दुसऱ्यांचे खटले चालत राहिले. कोणाच्या हद्दीचा वाद, कोणाची मारामारी.

तीनच्या सुमाराला एक मुलगी येऊन माझ्या शेजारी बसली. मी तिला आधी कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण कपाळ शिगवण सरांचं होतं. मृणाल. दाराबाहेर व्हरांड्यात सर उभे होते, पाठ करून.

ती समोरच बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा म्हणतात, नऊ नोव्हेंबरला आई पाण्याची बाटली भरायला तुमच्या वर्कशॉपमध्ये आत आली होती. ती तुमच्याशी काही बोलली?"

हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. सरांना नाही, कोर्टालाही नाही. कोणी विचारलंच नव्हतं. पेढ्याच्या त्या पडवीत लॉगिन दिसल्याबरोबर आधी आठवलं होतं ते हेच.

"हो," मी म्हटलं. "बाटली भरून झाल्यावर त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी काय करते ते बघत होत्या. मग विचारलं, आता काळजी नाही ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही काकी, म्हणाले. आता काही काळजी नाही."

समोर कोणीतरी साक्षीदाराचं नाव पुकारलं. तो आला, त्याची साक्ष झाली, तो गेला. ती उठून जाईल म्हणून मी वाट बघत होते. ती उठली नाही.

"त्या संध्याकाळी आईने मला फोन केला होता," ती म्हणाली. "मी कोल्हापूरला होते तेव्हा, शिकायला. म्हणाली, गाडीच्या दुकानात एक मुलगी भेटली. हात कोपरापर्यंत काळे, पण लॅपटॉप असा चालवत होती की बघत राहावं. म्हणाली, मृणाल, शिकशील तर असं शीक."

मी माझ्या हातांकडे बघितलं.

"हे तुम्हाला सांगावं की नाही, चार वर्षं ठरत नव्हतं माझं," ती म्हणाली. "पण ती बोलली होती. ते माझ्याकडेच राहून गेलं असतं."

ती उठली. दारात सरांनी वळून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जिन्याकडे गेले.

पाच वाजता न्यायाधीश उठले. आम्ही सगळे उभे राहिलो. ते आत गेले, वकिलांनी फायली बांधल्या, पंखे एकेक करून बंद झाले. मी परत खाली बसले होते. शिपाई दिवे घालवत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"ताई, झालं तुमचं," तो म्हणाला. "आता जाऊ शकता."